आधी कुठलं आडनाव

१

नीलो मोराएसला पुरलं तेव्हा कबरीपाशी सातच माणसं होती, आणि त्यातली दोन खड्डा खणणारी. साथीच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, जुलैमध्ये, उरुग्वायच्या रिवेरात, जिथं रस्ता ओलांडला की ब्राझील लागतो, याहून जास्त माणसांना परवानगीच नव्हती. एरवी नीलो गेला असता तर अर्धं गाव लोटलं असतं. बावीस वर्षं तो कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या फाटकावर होता, आणि उशिरा आलेल्या किती पोरांना त्यानं गुपचूप आत घेतलं असेल याचा हिशेब त्यालाही नव्हता.

त्याची थोरली बहीण देल्मिरा, जिला गाव मानानं 'दोन्या' म्हणे, कबरीपाशी रडली नाही. जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं काढलेली बाई ती. लोक तिच्या टेबलासमोर रडायचे आणि ती नाव, वय, पत्ता विचारायची. रडायचं ते घरी जाऊन, अशी तिला सवयच लागली होती.

दफनभूमीच्या दाराशी वसतिगृहाचे प्रमुख वॉशिंग्टन लारोसा हातात कागद घेऊन उभे होते.

"दोन्या देल्मिरा, ही वेळ नव्हे, कळतंय मला. पण परवा गुरुवारी दहाला समिती बसतेय. मयताच्या बहिणीची सही असली की काम सोपं होईल."

"कसलं काम?"

"त्या ब्राझीलच्या पोरीला काढून टाकायचं. मुलांनीसुद्धा अर्ज दिलाय. सव्वीस सह्या आहेत, तुमच्या मुलाची, तेल्मोचीही आहे."

गोष्ट गावात सगळ्यांना पाठ झाली होती. वसतिगृहात दर मंगळवारी सगळ्यांची लाळ नळीत घ्यायचे आणि गुरुवारी यादी लागायची. जवळजवळ तीन आठवड्यांपूर्वीच्या यादीत एकच नाव पॉझिटिव्ह निघालं, ब्राझीलमधल्या अलेग्रेतीहून शिष्यवृत्तीवर आलेल्या तामिरेसचं. तिला मागच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. शनिवारी दुपारी ती तिथून निघाली, फाटकातून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून ब्राझीलच्या हद्दीत गेली. फाटक नीलोनं उघडलं. रविवारी सकाळी नीलोला ताप भरला. त्यानंतर पंधरा दिवस तो दवाखान्यात नळ्यांमध्ये पडून होता, आणि काल गेला.

त्या रविवारची देल्मिराला पक्की आठवण होती. तेल्मो वसतिगृहातून जेवायला घरी आलेला. चुलीवर मसुराचं कालवण, आणि तेवढ्यात फोन आला की मामाला ताप आहे. ती बोलत राहिली आणि कालवण करपून कोळसा झालं. एरवी दुधावर साय दिसली तरी नाक मुरडणारा तिचा मुलगा ते दोन ताटं मुकाट्यानं जेवला. मामाच्या काळजीनं पोराचं जेवणात लक्ष नाही, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

"सही करता ना?" लारोसांनी पेन पुढे केलं.

"चौतीस वर्षांत न वाचता सही केली नाही," देल्मिरा म्हणाली. "आणि शनिवारी दुपारी बी पेरलं तर रविवारी सकाळी पीक येत नाही, सेन्योर लारोसा. एवढं तर शेतकी शिकवणाऱ्यांना कळायला हवं."

तिनं त्यांच्या हातातला कागद घेतला, घडी करून पिशवीत टाकला आणि चालू लागली.

२

तामिरेसची खोली वसतिगृहाच्या गोठ्यामागे होती. खिडकी उघडी, आत पोरगी अंगावर घोंगडं घेऊन बसलेली. देल्मिरा बाहेर खुर्ची टाकून बसली. पोरीनं तिला ओळखलं आणि ती उठून उभी राहिली.

"मारायला आलात का?"

"बस खाली. पूर्ण नाव काय तुझं?"

"आता नाव कशाला? सगळे खुनी म्हणतात."

"सवय आहे मला. नाव कळल्याशिवाय माणसाशी बोलता येत नाही."

"तामिरेस मोराएस परेरा."

मोराएस. देल्मिराला जरा चमकल्यासारखं झालं, पण सरहद्दीवर मोराएस पैशाला पासरी. तिनं पुढे विचारलं, "वसतिगृहाच्या खोलीत कोण होतं तुझ्याबरोबर?"

"रोसारिओ. गुरुवारपर्यंत एकाच खोलीत झोपलो, एकाच किटलीतला चहा प्यायलो. तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. मलाही नाही. म्हणून तर मी ओरडत होते की माझा रिपोर्ट चुकलाय. कुणी ऐकेना. ऐकलं ते फक्त तुमच्या भावानं."

"काय म्हणाला तो?"

पोरीचे डोळे भरून आले. "म्हणाले, 'पोरी, कागद माणसंच लिहितात, आणि माणसं चुकतात. पलीकडे दवाखाना आहे, जा, दुसऱ्यांदा तपासून ये. फाटक मी उघडतो.' मी लांबून गेले, ते फाटकामागे दहा पावलं सरकून उभे होते. मी गेले, तपासून आले. निगेटिव्ह. तो कागद मी लारोसासरांना दिला."

"मग तो कागद कुठे आहे?"

"त्यांनाच विचारा," तामिरेस म्हणाली. "गुरुवारी मला हाकलणार आहेत. घरी काय सांगू? आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून मला शिकवतेय. अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय तिनं, की माझी मुलगी जनावरांची डॉक्टर होणार."

परत जाताना देल्मिरा फाटकापाशी थांबली. नीलोच्या खोपटात त्याचा माते, म्हणजे सरहद्दीवरचा कडवट पाल्याचा चहा, प्यायचा वाळका भोपळा होता तिथेच होता, जुना, आतून काळा पडलेला, धातूची नळी अजून पाल्यात खोचलेली. पाल्यावर बुरशी आली होती. मार्चमध्ये साथ आली तेव्हा तिनं तेल्मोला नवा भोपळा घेऊन दिला होता आणि दोघांनाही दम भरला होता: ज्याचा भोपळा त्याचा, एका नळीला दोन तोंडं लागली तर माझ्याशी गाठ आहे.

नीलोनं मग हा ताप आणला कुठून? तो फाटक सोडून कुठे जात नव्हता, आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

३

"हो, दिला होता कागद," लारोसांनी खणातून काढून टेबलावर टाकला. "पलीकडचा आहे. पलीकडे पाहिजे तो कागद पाहिजे तेव्हा मिळतो."

"तो खोटा आहे हे तपासलंत?"

"दोन्या देल्मिरा, आपल्याकडे आपली यादी आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय. पुन्हा काय तपासायचं?"

"यादी दाखवा."

लारोसांनी उसासा टाकला. माणूस दुष्ट नव्हता. चाळीस पोरांची जबाबदारी, वरून विचारणा, गावाचा दबाव. घाबरलेल्या माणसाला एखादं नाव मिळालं की तो ते घट्ट धरून ठेवतो. आणि ते नाव रस्त्यापलीकडचं असलं तर धरायला जास्तच सोपं जातं.

यादी एका पानाची होती, अकारविल्हे लावलेली. चव्वेचाळीस नावं, त्रेचाळीसपुढे निगेटिव्ह. मधोमध एकाच ओळीवर लाल खूण: 'मोराएस, टी. पी. — पॉझिटिव्ह.'

"नळ्यांवर नावं कुणी लिहिली?"

"नीलोनं. त्याचं अक्षर चांगलं. चिठ्ठी एवढीशी, अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणून नावाचं पहिलं अक्षर आणि दोन आडनावं. तामिरेस मोराएस परेरा. मोराएस, टी. पी. यात शंका कसली?"

"नीलोनंही लाळ दिली होती?"

"सगळ्यांनी. चाळीस मुलं आणि आम्ही चौघं. माझ्यासमोर थुंकला नळीत. म्हणाला, साठाव्या वर्षी थुंकायचा पगार मिळतोय."

देल्मिराच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विरलं. तिला त्या कागदावर भावाचं नाव एकदा बघायचं होतं, बाकी काही नाही. त्याच्यापुढे 'निगेटिव्ह' लिहिलेलं, तो धडधाकट असतानाचं. तिनं मोराएसच्या ओळीवर बोट ठेवलं. वर बघितलं, खाली बघितलं.

मोराएस एकच होता, लाल खुणेचा. नीलो मोराएस यादीत नव्हता.

४

यादीची नक्कल घेऊन ती चौकातल्या बाकावर जाऊन बसली. या चौकाचा अर्धा भाग उरुग्वायचा, अर्धा ब्राझीलचा. एरवी इथे पाय ठेवायला जागा नसायची. आज दोन पोलीस आणि एक कुत्रं एवढीच वर्दळ.

तिनं यादी वरून खाली वाचली, नोंदवहीतलं पान वाचावं तशी, प्रत्येक नाव ओठांनी उच्चारत. शेवटून पाचव्या ओळीवर ती थांबली.

'सिल्वेइरा, एन. एम. — निगेटिव्ह.'

त्यांची आई सिल्वेइरा. नीलो मोराएस सिल्वेइरा. जन्मात कुणी त्याला सिल्वेइरा म्हणून हाक मारली नव्हती. मग आईचं आडनाव पुढे आणून बापाचं मागे ढकललं कुणी?

पानाखाली सही होती, आणि ती प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तेचेराची नव्हती.

प्रयोगशाळा म्हणजे गुरांचं रक्त तपासायची खोली. इवोनेते नावाची जाडजूड बाई हातमोजे घालून नळ्या धूत होती. बोलली ती सरहद्दीच्या मिश्र बोलीत.

"हो बाई, त्या आठवड्यात तेचेरा घरी अडकलेला, म्हणून मला पलीकडच्या लिव्रामेंतोहून बोलावलं. तेव्हापासून रोज रस्ता ओलांडून येते. माझं काय चुकलं?"

"काही नाही. यादी कशी लावलीस ते सांग."

"आता त्यात सांगायचं काय? शेवटचं आडनाव आधी, मग बाकीची अक्षरं. माणसाचं आडनाव शेवटचंच असतं ना? अडाण्यालाही ठाऊक आहे."

"तुमच्या बाजूला," देल्मिरा म्हणाली.

रिवेरामध्ये बापाचं आडनाव आधी लिहितात, आईचं त्याच्यामागे. रस्ता ओलांडला की आईचं आधी आणि बापाचं सगळ्यात शेवटी. दोन्हीकडे हाक मारायची ती बापाच्याच नावानं, फक्त ते शोधायचं कुठे एवढाच फरक. नोंदणी कार्यालयात सरहद्दीवरच्या पोरांच्या अशा चुका देल्मिरानं शेकड्यांनी दुरुस्त केल्या होत्या. खाडाखोड करायची नाही, रबर लावायचा नाही. चूक एका रेघेनं कापायची, वर बरोबर नाव लिहायचं, समासात सही करायची, आणि ज्याच्या नावाची चूक झाली त्याचीही सही घ्यायची. चूक झाली होती हेही कागदावर दिसलं पाहिजे, असं ती नव्या कारकुनांना सांगायची.

यादीत त्रेचाळीस माणसं निगेटिव्ह. त्यांची आडनावं उलटी झाली तरी कुणाचं काय बिघडणार? शोधायचं होतं एकच नाव, आणि लारोसांनी ते इथल्या रीतीनं वाचलं. 'परेरा, टी. एम. — निगेटिव्ह': ही खरी तामिरेस. चोर सोडून संन्याशाला सुळी.

"मग 'मोराएस, टी. पी.' कोण?" इवोनेतेनं विचारलं. "ज्याच्या बापाचं परेरा आणि आईचं मोराएस, असा कुणी आहे का तिथं?"

देल्मिरानं यादीची नक्कल घडी केली. तिला तो माणूस ठाऊक होता. त्याची आई तीच होती.

५

घरी तिनं दिवा न लावता स्वयंपाकघरात बराच वेळ काढला. टेबलावर दोन कागद होते, लारोसांचा सही मागणारा आणि यादीची नक्कल. आणखी कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. इवोनेते परत पलीकडे जाणार. नक्कल चुलीत घातली असती तर गुरुवारी पोरगी अलेग्रेतीला गेली असती आणि गाव पुढच्या गोष्टीला लागलं असतं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जगाला शिकवावं लागत नाही. तिलाही शिकवावं लागलं नाही. कागद चुलीपर्यंत नेला आणि तिथं तिचा हात थांबला.

तिला खोपटातला भोपळा आठवला. ती उठून घराच्या मागच्या खोलीत गेली. वसतिगृहाला टाळं लागल्यापासून तेल्मो तिथंच होता, चौदा दिवस दाराबाहेर ठेवलेलं ताट घेऊन. खिडकीत मार्चमधला नवा भोपळा होता. तिनं आत बोट फिरवलं.

नवा भोपळा एकदम वापरत नाहीत. जुना पाला भरून दोन दिवस ओला ठेवायचा, खरवडायचा, पुन्हा भरायचा, तेव्हा तो आतून हिरवट काळा पडतो. हा आतून पांढरा होता, वरची लव अजून तशीच होती. चार महिन्यांत त्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता.

"तेल्मो," ती म्हणाली, "तू माते कशात पितोस?"

तो अंथरुणात उठून बसला. "का?"

"विचारलंय ते सांग."

"मामाच्या भोपळ्यात." त्यानं मान खाली घातली. "रोज नाही, आई. फक्त गुरुवारी. यादी लागली, दोघं निगेटिव्ह असलो की. मामा म्हणायचा, आता सरकारनंच लिहून दिलंय, ये. एकट्यानं माते पिणं म्हणजे भिंतीशी बोलणं, म्हणायचा. रिपोर्ट बघितल्याशिवाय मी कधी नळी तोंडाला लावली नाही. शपथ."

"त्याही गुरुवारी?"

"त्याही. 'परेरा, टी. एम.'पुढे निगेटिव्हच होतं ना, आणि लाल खूण तर एकच होती."

"आणि रविवारी मसूर करपले होते ते कळलं तुला?"

त्यानं गोंधळून वर पाहिलं. म्हणाला, "कुठे करपले होते?"

देल्मिरा त्याच्या पायाशी बसली आणि यादी त्याच्या हातात दिली. काही समजवावं लागलं नाही. सरहद्दीवरचं पोर होतं, त्यानं 'सिल्वेइरा, एन. एम.' वाचलं आणि मग वर जाऊन लाल खूण बघितली. त्याच्या तोंडून आवाज फुटला तो माणसाचा वाटला नाही. तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि कबरीपाशी राहिलेलं रडणं आत्ता आलं.

"मी मारलं मामाला."

"नाही. आजारानं मारलं. तुला कुणी सांगितलंच नाही, आणि यादीवर विश्वास ठेवणाऱ्यांत तुझा मामाही होता. याचं ओझं मी तुला उचलू देणार नाही." तिनं त्याचा चेहरा वर केला. "पण त्या पोरीविरुद्धच्या अर्जावर सही कुणी केली?"

त्यानं डोळे मिटले. "मी. तिसरी माझीच."

"तेवढी तुझी आहे," देल्मिरा म्हणाली. "ती मी पुसू शकत नाही."

६

गुरुवारी समिती जेवणघरात बसली, खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या लांब लांब. तामिरेस दाराजवळ एकटीच होती, पायाशी बांधलेली बॅग. लारोसांनी अर्ज वाचायला घेतला.

"आधी माझं ऐका," देल्मिरा उठली. तिनं यादी पुढे ठेवली, नीलोची ओळ दाखवली, चौकाच्या दोन बाजूंच्या दोन रीती सांगितल्या. इवोनेते खिडकीबाहेर उभी राहून हो हो म्हणत होती. पलीकडच्या दवाखान्याचा कागद देल्मिरानं शेवटी ठेवला. "हा कागद खरा होता. इतके दिवस खणात होता, आणि एवढ्या दिवसांत ही पोरगी त्या खोलीत साधी खोकलीसुद्धा नाही."

लारोसांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "मग पॉझिटिव्ह कोण होतं?"

देल्मिराला वाटलं होतं की हे आपल्यालाच म्हणावं लागेल. ती तोंड उघडणार तोच मागून तेल्मो उभा राहिला.

"मी. तेल्मो परेरा मोराएस. मामा माझ्याबरोबर एकाच नळीनं माते प्यायला." त्याचा आवाज फाटला. "आणि त्या अर्जावरची माझी सही मला काढून घ्यायचीय. मला ती मुलगी खोटारडी वाटली नव्हती. सगळ्यांनी केली म्हणून मी केली."

तामिरेस त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात माफी नव्हती. ती लगेच मिळावी असं देल्मिरालाही वाटत नव्हतं.

"नवी यादी टाइप करून घेऊ," लारोसा घाईनं म्हणाले. "ही फाडून टाकू."

"फाडायची नाही," देल्मिरा म्हणाली.

तिनं मूळ यादी ओढून घेतली. लारोसांनी लाल खुणेपुढे पेन्सिलीनं 'तामिरेस' लिहिलं होतं, ते तिनं पट्टी लावून एका रेघेनं कापलं. वर आपल्या नोंदवहीतल्या अक्षरात मुलाचं पूर्ण नाव लिहिलं. तो जन्मला तेव्हा बाळंतपणातून उठून पाचव्या दिवशी तिनंच ते नाव नोंदवहीत लिहिलं होतं, तिचं आडनाव शेवटी, रीतीप्रमाणे. 

समासात सही करून तिनं कागद तामिरेसपुढे ठेवला. "चूक तुझ्या नावाची झाली. तुझीही सही लागते. नको असेल तर करू नकोस."

पोरीनं कागद जवळ ओढून वाचला. मग म्हणाली, "ते फाटकाशी म्हणाले होते, कागद माणसंच लिहितात." तिनं पेन उचललं आणि ते कागदावर टेकवून थांबली. "आधी कुठलं आडनाव लिहू? इथल्यासारखं की तिथल्यासारखं?"

"तुझी आई लिहिते तसं लिही, पोरी," देल्मिरा म्हणाली.

तामिरेसनं वाकून सावकाश पूर्ण नाव लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत देल्मिरानं कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून दाबून धरला.